१९०८ चा फ्रेड मर्कल : चूक खरंच त्याची होती का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची कराडची, गेली अकरा वर्षं शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते. बेसबॉल मला मुलामुळे कळायला लागला, तोही अर्धामुर्धा. इथे जुन्या खेळांवर मन लावून लिहिणारी माणसं आहेत, म्हणून विचारतेय.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. मागच्या शनिवारी त्याच्या संघाचा सामना होता. शेवटचा डाव, ४-४ बरोबरी, दोन बाद आणि तिन्ही बेसवर आमची मुलं. माझा मुलगा पहिल्या बेसवर. बॅटरने मैदानाच्या मधोमध सणसणीत फटका मारला, तिसऱ्या बेसवरचा मुलगा होम प्लेटला, म्हणजे बॅटर उभा असतो तिथे, पोचला, धाव झाली आणि आम्ही सगळे पालक उठून ओरडायला लागलो. माझा मुलगाही निम्म्या वाटेतून वळला आणि मित्रांना मिठी मारायला पळाला. दुसऱ्या बेसला त्याचा पाय लागलाच नाही. समोरच्या संघाने चेंडू दुसऱ्या बेसवर मागवला, पंचांनी माझ्या मुलाला बाद दिलं, धाव रद्द झाली आणि जादा डावात आम्ही हरलो.

इथवर ठीक होतं, खेळात असं व्हायचंच. पण कुंपणापाशी बसलेले एक वयस्कर गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "हा तर मर्कल निघाला!" दोन-तीन माणसं हसली. मुलाने ते ऐकलं. रात्री त्याने शोधून काढलं की फ्रेड मर्कल नावाच्या खेळाडूने १९०८ मध्ये हेच केलं होतं आणि जन्मभर त्याला 'बोनहेड', म्हणजे मठ्ठ डोक्याचा, म्हणत राहिले. तेव्हापासून तो सरावाला जायचं नाव काढत नाही. काल जेवताना म्हणाला, "आई, शंभर वर्षं उलटली तरी लोक त्या माणसाला विसरले नाहीत. मलाही विसरणार नाहीत." माझा घास घशाखाली उतरेना.

इंटरनेटवर इंग्रजीत पुष्कळ आहे, पण निम्मे शब्द मला कळत नाहीत आणि प्रत्येक ठिकाणी त्या माणसाच्या नावापुढे तेच टोपणनाव लावलेलं आहे. मला सरळ विचारायचंय : तेव्हा नेमकं काय झालं? चूक खरंच त्याची होती का? आणि पुढे त्याचं काय झालं? मुलाला खोटा धीर द्यायचा नाहीये, जे खरं असेल तेच सांगायचंय.

---

पंचकाका_जळगाव

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दुपारपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. मी निवृत्त क्रीडाशिक्षक. सव्वीस वर्षं शाळा-कॉलेजच्या सॉफ्टबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलो. आमच्या खानदेशात सॉफ्टबॉल शाळाशाळांतून खेळतात, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत जो नियम लागला तो सॉफ्टबॉलमध्येही तसाच आहे. मर्कलचा किस्सा मी पंचांच्या शिबिरात पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर मिळेल तिथून त्या मोसमाबद्दल वाचत आलोय. सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

आधी नियम, कारण त्यावरच सगळं उभं आहे. फटका बसला की बॅटरला पहिल्या बेसवर यायचं असतं. एका बेसवर दोघे राहू शकत नाहीत. म्हणून पहिल्या बेसवर जो आहे त्याला दुसरा बेस गाठावाच लागतो, त्याला पर्याय नसतो. तो पोचण्याआधी चेंडू हातात घेऊन कुणी दुसऱ्या बेसवर पाय ठेवला तर तो बाद. याला फोर्स आउट म्हणतात. आणि तिसरा बळी, ज्याने डाव संपतो, असा फोर्स आउटने गेला तर त्या फटक्यावर आलेली धाव धरत नाहीत, मग ती कितीही आधी आलेली असो. क्रिकेटमध्ये शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी आहे, दोघे पळाले, आणि समोरचा फलंदाज क्रीझमध्ये बॅट न टेकवता तंबूकडे वळला, मागे कुणी बेल्स उडवल्या, तर ती धाव मिळत नाही. तसंच हे.

आता १९०८. नॅशनल लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी एकीत, त्या वर्षी तीन संघ शेवटपर्यंत एकमेकांच्या मानेवर होते : शिकागो कब्ज, न्यूयॉर्क जायंट्स आणि पिट्सबर्ग पायरेट्स. मोसम संपला तेव्हा कब्जचे विजय ९९ आणि बाकी दोघांचे प्रत्येकी ९८. दीडशेहून जास्त सामने खेळून फरक एका सामन्याचा. हे डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे एका पावलाची किंमत कळेल.

२३ सप्टेंबर १९०८, बुधवार. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स हे मैदान, जायंट्स विरुद्ध कब्ज. जायंट्सचा पहिल्या बेसवर नेहमी क्षेत्ररक्षण करणारा खेळाडू फ्रेड टेनी याची कंबर धरली होती. त्या मोसमात टेनी जवळजवळ एकही सामना चुकला नव्हता. त्याच्या जागी उभं केलं फ्रेड मर्कलला. वय एकोणीस. संघातला सगळ्यांत लहान, वर्षभर बहुतेक वेळ बाकावर बसलेला. त्या मोसमात सुरुवातीपासून खेळायला मिळालेला त्याचा हा पहिलाच सामना. मुलाला हे नक्की सांगा. लोक 'मर्कल' म्हणताना कुणी कसलेला, मुरलेला खेळाडू असेल असं धरून चालतात. तो मुलगा होता.

जायंट्सकडून पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता ख्रिस्ती मॅथ्यूसन. त्या एका वर्षात त्याने ३७ सामने जिंकून दिले. कब्जकडून डावखुरा जॅक फीस्टर. पाचव्या डावात कब्जच्या जो टिंकरने असा फटका मारला की चेंडू मैदानातच राहिला आणि हा पळत पळत चारही बेस फिरून आला. १-०. सहाव्या डावात जायंट्सने बरोबरी केली. नववा डाव, जायंट्सची शेवटची बॅटिंग. दोन बाद झालेले, मूस मॅकॉर्मिक पहिल्या बेसवर. बॅटिंगला मर्कल. त्याने उजवीकडे फटका मारला, मॅकॉर्मिक तिसऱ्या बेसवर पोचला, मर्कल पहिल्यावर थांबला. म्हणजे सामना जिंकायच्या उंबरठ्यावर आणला तो या पोरानेच. हे कुणी सांगत नाही!

पुढचा बॅटर अल ब्रिडवेल. त्याने पहिल्याच चेंडूला मधल्या मैदानात मारलं, मॅकॉर्मिक होम प्लेटला आला, आणि हजारो माणसं मैदानात उतरली. तेव्हा प्रेक्षक मैदान ओलांडूनच बाहेर पडायचे, ती रीतच होती. खेळाडूंची खोली मैदानाच्या पार टोकाला. गर्दीत सापडलं तर टोपी, ग्लव्ह, सगळं ओढून न्यायचे, म्हणून सामना संपला की खेळाडू त्या खोलीच्या दिशेने सुसाट पळत. मर्कलने तेच केलं. दुसरा बेस समोर दिसत असताना तो वळला आणि पळाला.

कब्जचा जॉनी एव्हर्स दुसऱ्या बेसवर उभा राहून चेंडू मागत होता. मधल्या मैदानातल्या कब्जच्याच सॉली हॉफमनने चेंडू फेकला, पण नेम चुकला. जायंट्सचा जो मॅकगिनिटी, जो त्या दिवशी खेळत नव्हता, तिसऱ्या बेसपाशी कोच म्हणून उभा होता. काय चाललंय ते त्याला कळलं आणि त्याने चेंडू पकडून गर्दीत भिरकावला असं सांगतात. मग एव्हर्सच्या हातात चेंडू आला कुठून, तोच चेंडू की दुसरा, यावर त्या दिवशी हजर असलेल्या माणसांच्यातही एकवाक्यता नाही. बेसजवळचा पंच बॉब एम्सली फटका चुकवताना खाली पडला होता, त्याने काही पाहिलंच नव्हतं. होम प्लेटचा पंच हँक ओ'डे याने निकाल दिला : मर्कल बाद, धाव नाही. मैदान माणसांनी भरलेलं, अंधारून आलेलं, खेळ पुढे नेणं अशक्य. सामना १-१ बरोबरीत.

आता माझं मत, आणि ते मी पंच म्हणून सांगतोय. ओ'डेचा निर्णय नियमाला धरून होता. पण मर्कलला मठ्ठ म्हणणं अन्याय आहे. कारण असं : १९ दिवस आधी, ४ सप्टेंबरला, पिट्सबर्गमध्ये अगदी हेच घडलं होतं. पायरेट्स विरुद्ध कब्ज, दहावा डाव, ०-०, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. विल्सनने फटका मारला, फ्रेड क्लार्क धाव पुरी करून आला, आणि पहिल्या बेसवरचा वॉरन गिल दुसऱ्याला पाय न लावता माघारी वळला. तेव्हाही एव्हर्सनेच चेंडू मागवून अपील केलं. पंच कोण होता? हाच हँक ओ'डे. एकटाच होता, कारण तेव्हा पुष्कळ सामन्यांना एकच पंच असे. तो म्हणाला, मी पाहिलं नाही. धाव दिली. कब्जने तक्रार केली, लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी ती फेटाळली.

म्हणजे नियम पुस्तकात होता, पण विजयी धाव आली की पहिल्या बेसवरच्याने पळत सुटायचं हीच रूढ सवय होती, आणि तिच्यावर शिक्का १९ दिवसांपूर्वी खुद्द लीगने मारला होता. जुने-जाणते खेळाडू वर्षानुवर्षं जे करत आले ते पोराने केलं.

---

नियम_तो_नियम

काका, लेखन आवडलं, पण एका मुद्द्यावर मला ठामपणे वेगळं वाटतं. रूढी आणि नियम यांत अंतर पडलं तर दोष रूढी पाळणाऱ्याकडेही जातो. आणि या सगळ्यात जॉनी एव्हर्सला आपण हवं तेवढं श्रेय देत नाही. ४ सप्टेंबरला तक्रार फेटाळली गेल्यावर तो गप्प बसला नाही. त्याने तो नियम डोक्यात धरून ठेवला, पुन्हा तसा प्रसंग येईल म्हणून वाट पाहिली आणि हजारोंच्या गोंधळात, सामना हरलो असं सगळ्यांना वाटत असताना, शांतपणे बेसवर उभा राहिला. ओ'डेही पिट्सबर्गनंतर विचारात पडला असणार, म्हणून तर दुसऱ्या वेळी त्याची नजर बरोबर तिथे होती. मला या दोघांबद्दल आदर आहे.

शिवाय जायंट्सचा मॅनेजर जॉन मॅकग्रॉ. पिट्सबर्गची तक्रार लीगपर्यंत गेली होती, काही लपून राहिलेली नव्हती. आपल्या संघातल्या नव्या पोराला "काही झालं तरी बेसला पाय लाव" एवढं बजावणं त्याचं काम होतं. मी दोष वाटायचा झाला तर थोडा मर्कलला, जास्त मॅकग्रॉला देईन.

---

पंचकाका_जळगाव

नियम_तो_नियम, एव्हर्सबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. सजग खेळाडू कसा असावा हे मी मुलींना एव्हर्सचंच नाव घेऊन शिकवायचो. मॅकग्रॉबद्दलही तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि मला वाटतं खुद्द मॅकग्रॉलाही ते पटलेलं असावं. त्याने मर्कलला कधीही बोल लावला नाही. उलट पुढच्या वर्षी पगार वाढवून दिला. तापट म्हणून सगळ्या देशात ओळखला जाणारा माणूस, पण या एका बाबतीत पोराच्या पाठीशी उभा राहिला.

ताई, पुढची हकीकत ऐका, कारण 'मर्कलने चषक घालवला' हे वाक्य इथेच मोडतं.

२३ सप्टेंबरनंतर मोसम संपला नव्हता. जायंट्सपुढे पुष्कळ सामने बाकी होते. फिलाडेल्फियाविरुद्ध त्यांची गाठ पडली आणि तिथे हॅरी कोव्हेलेस्की नावाच्या बावीस वर्षांच्या, कुणालाही माहीत नसलेल्या डावखुऱ्या पिचरने त्यांना पाच दिवसांत तीनदा हरवलं. २९ सप्टेंबर, १ ऑक्टोबर, ३ ऑक्टोबर. तीनदा! यातला एक सामना जरी जायंट्सने जिंकला असता तर मर्कलचं ते पाऊल कुणाला आठवलंही नसतं. त्या तीन सामन्यांत ज्या खेळाडूंचे फटके वाया गेले, ज्यांनी चेंडू सोडले, त्यांची नावं कुणी टोपणनाव करून ठेवली नाहीत.

४ ऑक्टोबरला शिकागोत कब्जने पायरेट्सना ५-२ असं हरवलं. मग जायंट्सने बोस्टनविरुद्धचे उरलेले तिन्ही सामने जिंकले. आता कब्ज आणि जायंट्स, दोघांचेही ९८ विजय, ५५ पराभव. म्हणून २३ तारखेचा बरोबरीतला सामना पुन्हा खेळवायचं ठरलं : ८ ऑक्टोबर, पोलो ग्राउंड्स. इतकी माणसं लोटली की दारं बंद करावी लागली. लोक कुंपणांवर, उंचावरून जाणाऱ्या रेल्वेच्या खांबांवर, मैदानामागच्या कूगन्स ब्लफ या टेकाडावर चढून बसले होते.

कब्जकडून पुन्हा फीस्टरच उतरला, पण पहिल्याच डावात डळमळला. मग आला मॉर्डेकाय ब्राउन. याच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. लहानपणी शेतावर चारा कापायच्या यंत्रात हात गेला, उजव्या हाताची तर्जनी तुटली, बाकीची बोटं वाकडी झाली. त्याच हातातून त्याचा चेंडू असा काही वळायचा की बॅटरना समजायचा नाही. लोक त्याला 'थ्री फिंगर' म्हणत. त्या दिवशी त्याने उरलेला सगळा सामना टाकला. तिसऱ्या डावात टिंकरने मॅथ्यूसनला पुन्हा फोडला, तीन बेसचा फटका, आणि त्या डावात कब्जने चार धावा केल्या. निकाल ४-२. पहिल्या बेसवर त्या दिवशी टेनी होता, मर्कल नव्हता.

म्हणजे हिशेब असा, की जायंट्सना हातची संधी पुन्हा मिळाली, त्यांच्याच मैदानावर, त्यांचा सर्वांत मोठा पिचर हातात चेंडू घेऊन उभा असताना. तो सामना ते हरले. मर्कल बाकावर बसून होता.

---

वेस्टसाइड_लॅब

मी शिकागोतच आहे, १९९७ पासून. इलिनॉय विद्यापीठाच्या वैद्यकीय परिसराजवळ काम करतो. १९०८ मध्ये कब्ज जिथे खेळायचे ते वेस्ट साइड ग्राउंड्स नेमकं याच ठिकाणी होतं. रिग्ली फील्ड तेव्हा नव्हतंच, ते १९१४ चं. आता तिथे दवाखान्यांच्या इमारती आहेत आणि मैदानाच्या आठवणीची एक पाटी आहे. मी डबा खायला कधी कधी त्या बाजूने जातो आणि इथे ब्राउन उभा राहून चेंडू टाकायचा, असं मनात येतं.

ताई, तुमच्या मुलाला त्या वर्षाचं बाकीचंही सांगा. एकट्या मर्कलचं वर्ष म्हणून १९०८ लक्षात ठेवणं म्हणजे पोतंभर धान्यातला एक खडा उचलून दाखवणं. अमेरिकन लीगमध्येही तितकीच चुरस होती. डेट्रॉइटचे ९० विजय ६३ पराभव, क्लीव्हलँडचे ९० विजय ६४ पराभव. पावसाने वाया गेलेला एक सामना डेट्रॉइटला पुन्हा खेळावा लागला नाही, म्हणून अर्ध्या सामन्याने ते पहिले आले! त्यानंतर नियम बदलला आणि निकालावर परिणाम होणारे असे सामने खेळावेच लागतील असं ठरलं. क्लीव्हलँडवर झालेला तो अन्याय मला मर्कलच्या प्रकरणाइतकाच मोठा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आणि २ ऑक्टोबर! क्लीव्हलँडचा ॲडी जॉस विरुद्ध शिकागो व्हाइट सॉक्सचा एड वॉल्श. वॉल्श त्या वर्षी ४० सामने जिंकला, ४६४ डाव एकट्याने टाकले. त्या दिवशी त्याने पंधरा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे फटका मारू न देताच बाद केलं, फक्त चार फटके दिले. आणि तरीही तो हरला, १-०, कारण पलीकडे जॉसने एकाही माणसाला पहिल्या बेसवर पोचू दिलं नाही. सत्तावीस आले, सत्तावीस गेले. याला परफेक्ट गेम म्हणतात. चुरस अशी टिपेला पोचलेली असताना, अशा दिवशी, अशा पिचरसमोर! जॉस पुढे १९११ च्या एप्रिलमध्ये मेंदूज्वराने गेला, फक्त ३१ वर्षांचा होता. त्याच्या कुटुंबासाठी बाकी संघांतले मोठमोठे खेळाडू क्लीव्हलँडमध्ये जमून एक सामना खेळले. ते वाचताना मला दर वेळी भरून येतं.

वॉल्टर जॉन्सन, वय वीस, वॉशिंग्टनचा पिचर : सप्टेंबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हायलँडर्सविरुद्ध चार दिवसांत तीन सामने टाकले आणि तिन्हींत एकही धाव दिली नाही. मधला एक दिवस सुटला तो रविवार होता म्हणून, न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रविवारी खेळ होत नसे. कब्जच्या एड रॉयलबाखने २६ सप्टेंबरला ब्रुकलिनविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने टाकले आणि दोन्हींत एकही धाव दिली नाही, ५-० आणि ३-०. सामना संपेपर्यंत बहुधा तोच मळलेला, मऊ पडलेला चेंडू वापरत आणि पिचर त्याला थुंकी लावत, त्यामुळे धावा फार कमी व्हायच्या. म्हणूनच एकेका धावेचा एवढा जीव.

पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या अंतिम मालिकेत, कब्जने डेट्रॉइटला ४-१ ने हरवलं. शेवटचा सामना १४ ऑक्टोबरला डेट्रॉइटमध्ये झाला, प्रेक्षक फक्त ६,२१०. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात इतके थोडे प्रेक्षक पुन्हा कधी आले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये खांबांवर चढलेली माणसं आणि सहाच दिवसांनी इथे रिकामी बाकं. त्यानंतर कब्जला पुन्हा जिंकायला २०१६ उजाडलं. १०८ वर्षं. त्या नोव्हेंबरमध्ये मी रिग्ली फील्डला गेलो होतो. बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोकांनी खडूने आपल्या गेलेल्या आईवडलांची, आज्याआजोबांची नावं लिहिली होती. हाताला लागेल तेवढी भिंत भरली होती. मी पण खडू मागून घेतला आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं नाव लिहिलं. मी नवीन असताना रेडिओ लावून मला सामने समजावून सांगायच्या त्या.

---

कृष्णाकाठ

तुम्हा तिघांचे किती आभार मानू. काल रात्री मी हे सगळं मुलाला वाचून दाखवलं, अडलं तिथे इंग्रजीत सांगितलं. कोव्हेलेस्कीचे तीन सामने त्याने वहीत लिहून घेतले. एकोणीस वर्षांचं वय ऐकून म्हणाला, "शेजारच्या दादापेक्षा लहान."

एक राहिलं. मर्कलचं पुढे काय झालं? मॅकग्रॉने पगार वाढवला हे कळलं, पण आयुष्य कसं गेलं?

---

वेस्टसाइड_लॅब

हे मी सांगतो. तो मोठ्या लीगमध्ये सोळा मोसम खेळला. १९११ मध्ये ४९ बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठला, १९१२ च्या वर्ल्ड सिरीजच्या निर्णायक सामन्यात दहाव्या डावात आघाडीची धाव त्याच्याच फटक्यावर आली. तो सामनाही जायंट्स पुढच्या अर्ध्या डावात हरले, ते वेगळं. पाच वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये खेळला, त्यातली एक तर चक्क कब्जकडून, १९१८ मध्ये. पाचही वेळा त्याचा संघ हरला. टोपणनावाने त्याला फार त्रास झाला. मैदानावर लोक ओरडायचे, निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं तो बेसबॉलपासून लांब राहिला. १९५० मध्ये जायंट्सनी जुन्या खेळाडूंच्या मेळाव्याला बोलावलं तेव्हा गेला, आणि त्याच पोलो ग्राउंड्सवर लोकांनी टाळ्यांनी त्याचं स्वागत केलं. १९५६ मध्ये फ्लोरिडात वारला.

लीगचे अध्यक्ष पुलियम यांचा शेवट मात्र वाईट झाला. त्या हिवाळ्यात त्यांची तब्येत ढासळली आणि १९०९ च्या जुलैमध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. मर्कलच्या सामन्याचा बरोबरीचा निकाल त्यांनीच कायम ठेवला होता. याला तो एकच निकाल कारण होता असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही बाजूंनी झालेल्या शिवीगाळीत तो माणूस एकटा पडला होता. मुलाला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आणि एक. मर्कलचा जन्म विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनचा. तुमच्याकडून गाडीने दोन-सव्वादोन तास. तिथे एका मैदानाला त्याचं नाव दिलंय आणि त्याच्या स्मरणार्थ दगडही उभारलाय. शक्य असेल तर घेऊन जा.

---

कृष्णाकाठ

रविवारी जातोय. मी विचारलं तेव्हा लगेच हो म्हणाला नाही. आज सकाळी स्वतःच ग्लव्ह नेऊन गाडीत ठेवला.

पंचकाका, त्याचा तुमच्यासाठी एक प्रश्न आहे. त्याच्याच शब्दांत लिहिते : "गिलनेसुद्धा तेच केलं होतं, मग लोक 'हा तर गिल निघाला' असं का म्हणत नाहीत?"

---

पंचकाका_जळगाव

बेटा, हा प्रश्न माझ्या शिबिरात आजवर एकाही पंचाने विचारला नाही.

गिलचं नाव राहिलं नाही कारण ओ'डे तेव्हा दुसऱ्या बेसकडे बघत नव्हता. एवढंच. गिलचा पाय आणि मर्कलचा पाय यांत काही फरक नव्हता. पिट्सबर्गला तो विजय मिळाला, गिल त्या मोसमानंतर मोठ्या लीगमध्ये दिसला नाही, आणि लोक त्याला विसरले.

तुला माझंच एक सांगतो. १९९४ साली मुलींच्या आंतरशालेय स्पर्धेचा उपांत्य सामना होता, मी एकटाच पंच. शेवटच्या डावात विजयी धाव आली, ढोल वाजायला लागले, मुली मंडपाकडे पळाल्या. मी होम प्लेटकडे बघत होतो, धाव पुरी झाली ना, तेवढंच. हरलेल्या संघाची कॅप्टन ओरडून सांगत होती की पहिल्या बेसवरची मुलगी दुसऱ्याला शिवलीच नाही. मी पाहिलं नव्हतं. जे पाहिलं नाही ते देता येत नाही, म्हणून धाव कायम ठेवली. माझ्या निर्णयाविरुद्ध कुणी तक्रार केली नाही. पण ती कॅप्टन, दहावीतली असेल, चेंडू हातात धरून दुसऱ्या बेसवर पाय ठेवून उभी राहिली. मी स्कोअरशीटवर सही केली, सामान आवरलं, सायकल काढली. ती तिथेच उभी होती.

त्या सामन्यानंतर मी कुठल्याही सामन्यात विजयी धावेकडे एकट्या डोळ्याने पाहिलं नाही. धाव आली की आधी मागे वळून दुसरा बेस बघायचो.